हरवलेल्या चेहऱ्याचे माप

अनेक घरांच्या दिवाणखान्यात एखादे जुने छायाचित्र असते. मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नातले. आजोबा फेट्यात, आजी डोक्यावरून पदर घेऊन उभी. त्याच छायाचित्राखालच्या खुर्चीत आज आजी बसलेली असते, आणि नातवंडाला प्रश्न पडतो, ‘ही तीच का?’ केस पांढरे झाले, त्वचा सुरकुतली, हे तर वयाचे देणे. ओळख खरी पुसली जाते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. दात गेले, तोंडाचे बोळके झाले, ओठ आत वळले आणि हनुवटी नाकाच्या दिशेने वर सरकली. चेहऱ्याचा खालचा भाग जणू कोणी दुमडून ठेवला.

मग घरात कवळी बसवण्याचा विचार सुरू होतो. दात नवे आले की चेहरा पूर्ववत होईल आणि भाकरीही चावता येईल, अशी साधी समजूत असते. परंतु दंतवैद्यापुढे पहिलाच प्रश्न अवघड उभा राहतो : ही कवळी किती उंच करायची? वरचा आणि खालचा जबडा ज्यांनी आयुष्यभर ठरावीक अंतरावर रोखून धरला, ते दातच आता उरलेले नाहीत. माप हरवले आहे आणि वस्तू मात्र त्याच मापाची घडवायची आहे.

हाच प्रश्न आणखी एका ठिकाणी, अधिक गंभीर रूपात उभा राहतो. बेवारस कवटी सापडते, दात नसतात, आणि ती कोणाची हे न्यायवैद्यकाला सांगायचे असते. दोन्ही ठिकाणी शोध एकच : चेहऱ्याच्या उरलेल्या भागांवरून गेलेल्या भागाचे माप काढता येईल काय?

चाव्याची उंची म्हणजे काय?

दात घट्ट मिटले असताना नाकाच्या बुडापासून हनुवटीच्या तळापर्यंत जे अंतर भरते, त्याला दंतशास्त्रात ‘व्हर्टिकल डायमेन्शन’ म्हणतात. आपण त्याला ‘चाव्याची उंची’ म्हणू. आपण गप्प, निवांत बसलेले असतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना टेकलेले नसतात. त्यांच्यामध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटरची फट असते. ही फट म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंची विश्रांती. घास चावताना, आवंढा गिळताना दात क्षणभर टेकतात आणि पुन्हा विलग होतात.

दात पडले की हा आधार जातो. इतकेच नव्हे, दातांना धरून ठेवणारे जबड्याचे हाडही हळूहळू झिजते. आंत्ये टालग्रेन यांनी संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास करून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाडाची झीज वर्षानुवर्षे चालूच राहते आणि खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते, असे त्यांना आढळले. म्हणूनच वीस वर्षांपूर्वी उत्तम बसलेली कवळी आज सैल होते, खालचा जबडा वर व पुढे फिरतो आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. दोष कवळीचा नसतो. तिच्याखालची जमीनच खचलेली असते.

उंची कमी राहिली तर काय होते? चेहरा आहे त्याहून म्हातारा दिसतो, चावण्याचा जोर घटतो, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून तेथे चिरा पडतात. उंची अधिक झाली तर विश्रांतीची फटच नाहीशी होते. बोलताना दात खटखट वाजतात, हिरड्या दुखतात, जबडा थकतो, ओठ मिटायलाही प्रयास पडतो. अशी कवळी बहुधा डबीत जाते आणि डबी कपाटात. चौविहाराची वेळ गाठण्यासाठी सूर्यास्तापूर्वी घाईने, नीट न चावता घास गिळणारे वृद्ध आपण पाहतो. त्यांच्या ताटातून खाखरा, भाकरी, काकडी एकेक करून निघून जाते आणि उरते ती पातळ खिचडी. तीन-चार मिलिमीटरची चूक माणसाच्या ताटापर्यंत अशी पोहोचते.

आपल्याच बोटाचे माप

चेहऱ्याच्या एका भागावरून दुसऱ्या भागाचे माप सांगण्याची कल्पना फार जुनी आहे. आपल्या आगमांपैकी अनुयोगद्वार सूत्रात अंगुलाचे तीन प्रकार सांगितले आहेत : आत्मांगुल, उत्सेधांगुल आणि प्रमाणांगुल. त्यांतील आत्मांगुल म्हणजे त्या त्या काळच्या माणसाचे स्वतःचे बोट. प्रमाणबद्ध पुरुषाचे मुख त्याच्याच १२ अंगुलांचे आणि अशी नऊ मुखे मिळून त्याची उंची १०८ अंगुले, असा तेथील हिशेब आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कपाळ, नाक आणि हनुवटी यांना प्रत्येकी चार अंगुले दिली आहेत. म्हणजे चेहऱ्याचे तीन समान भाग झाले. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस यानेही हनुवटीपासून नाकाच्या बुडापर्यंत, तेथून भुवयांच्या मध्यापर्यंत आणि तेथून केसांच्या मुळांपर्यंत असे तीन सारखे भाग मानले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंचीने त्याच मापांना आपल्या प्रसिद्ध चित्रात रूप दिले.

शिल्पकाराची ही मापे आदर्श मूर्तीसाठी होती. दंतवैद्यापुढचा माणूस आदर्श नसतो. तो अमुक एक माणूस असतो. तरीही आत्मांगुलाच्या कल्पनेतला विचार त्याच्या कामाचा आहे. माणसाचे माप बाहेरच्या पट्टीवर न शोधता त्याच्याच शरीरात शोधावे, हा तो विचार. दात गेले म्हणून डोळ्यांची, नाकाची, कानांची जागा बदलत नाही. हनुवटी वर सरकली तरी कपाळ आणि डोळे आपले जुने अंतर जपून असतात.

विलिस यांची पट्टी

विसाव्या शतकात या विचाराला उपकरणाचे रूप आले. १९३०च्या सुमारास विलिस यांनी मांडले की डोळ्याच्या बाहुलीपासून ओठांच्या मिटलेल्या रेषेपर्यंतचे अंतर आणि नाकाच्या बुडापासून हनुवटीच्या तळापर्यंतचे अंतर ही साधारण सारखी असतात. पहिले अंतर दातांवर अवलंबून नाही, दुसरे आहे. मग पहिले मोजावे आणि त्याबरहुकूम दुसरे ठरवावे. त्यासाठीची धातूची छोटी पट्टी आजही ‘विलिस गेज’ या नावाने दंतवैद्यांच्या टेबलावर दिसते. तिची एक आडवी भुजा नाकाखाली टेकवतात आणि दुसरी सरकवत हनुवटीखाली आणतात.

१९४७ साली मॅगी यांनी तीन अंतरे एकत्र तपासण्याची सूचना केली : बाहुलीपासून ओठांच्या रेषेपर्यंत, भुवयांच्या मध्यापासून नाकाच्या बुडापर्यंत आणि ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. या तिघांपैकी दोन तरी एकमेकांशी जुळतात, कधी तिन्ही जुळतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानापर्यंतचे अंतर तपासले गेले. बोटांची लांबी आणि चाव्याची उंची यांचा संबंधही अभ्यासकांनी, त्यांत भारतीय दंतवैद्यांनीही, पडताळून पाहिला आहे. आत्मांगुल शेकडो वर्षांनी दवाखान्यात पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु या मापांकडून किती अपेक्षा ठेवायची, हे समजून घेतले पाहिजे. निरनिराळ्या समाजांत आणि स्त्री-पुरुषांत ही अंतरे सारख्याच प्रमाणात जुळत नाहीत. हजार माणसांच्या सरासरीत दिसणारा संबंध समोरच्या एका माणसाला तंतोतंत लागू पडेलच असे नाही. शिवाय हनुवटीखालची त्वचा मऊ. पट्टी किंचित अधिक दाबली तरी माप बदलते. दाढी असली तर अडचण आणखी वाढते. म्हणून चेहऱ्याची मापे अंदाजाची सुरुवात करून देतात, शेवट नव्हे.

‘म’ आणि ‘स’ची परीक्षा

मग शेवट कसा होतो? पुष्कळदा रुग्णाच्या मुखातूनच. कवळी करण्यापूर्वी दंतवैद्य वर-खाली मेणाचे कठडे बसवतो. दातांच्या जागी उभे असलेले हे मेण तासता येते, वाढवता येते. नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर एकेक खूण करून रुग्णाला ताठ, पण निवांत बसवतात. आवंढा गिळून ओठ सैल सोडायला सांगतात आणि दोन खुणांमधले अंतर मोजतात. त्यातून विश्रांतीची २ ते ४ मिलिमीटरची फट वजा केली की चाव्याची उंची मिळते. निसवाँगर यांनी १९३४ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. तिलाही मर्यादा आहे. मान वाकली, मन धास्तावलेले असले, अंगात थकवा असला, तरी विश्रांतीची स्थिती बदलते.

म्हणून बोलण्याची परीक्षा घेतात. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात आणि जबडा विश्रांतीजवळ येतो. ‘स’ म्हणताना वरचे व खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. सिल्व्हरमन यांनी १९५०च्या दशकात बोलतानाच्या या सूक्ष्म अंतराकडे दंतवैद्यांचे लक्ष वेधले. मराठी रुग्णाला एकसष्ट ते एकोणसत्तर मोजायला सांगितले, तर ‘स’ आपोआप पुन्हा पुन्हा येतो. आपल्या घरातल्या वृद्धांना नवकार मंत्र म्हणायला सांगितला तरी चालेल. त्यात ‘म’ही वारंवार आहे आणि ‘स’ही. म्हणताना दात खटखटले तर उंची अधिक झाली आहे. ‘स’ विस्कटून, फार मोठ्या फटीतून निसटू लागला तर ती बहुधा कमी आहे. ज्यांनी आयुष्यभर तो मंत्र स्पष्ट उच्चारला, त्यांच्या कानांना यातला फरक पट्टीआधी कळतो.

एवढे झाल्यावर दंतवैद्य दोन पावले मागे सरकून चेहऱ्याकडे पाहतो. ओठ ताण न पडता मिटतात का? नाकाच्या बाजूच्या घड्या फार खोल दिसतात का? आणि अखेरीस रुग्णाला विचारतो, ‘कसे वाटते?’ हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. तीही एक मोजणीच आहे.

जे बोलू शकत नाहीत

कवटीला मात्र ‘कसे वाटते’ असे विचारता येत नाही. न्यायवैद्यकाचे काम म्हणूनच अधिक कठीण आणि अधिक जबाबदारीचे आहे.

कवटीवरून चेहरा घडवण्याचा शास्त्रीय प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. लाइपझिगमध्ये १८९४ साली संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे मानले गेलेले अवशेष सापडले. तेव्हा शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांवर ठिकठिकाणी मांसाची जाडी मोजली. त्या मापांच्या आधारे मूर्तिकार झेफनर यांनी कवटीवर बाख यांचा चेहरा घडवला. हाडावर मांसाची जाडी चढवत चेहरा उभा करायचा, हे तत्त्व आजही तसेच आहे. परंतु त्याआधी खालचा जबडा योग्य अंतरावर बसवावा लागतो. दात शाबूत असले तर तेच जागा दाखवतात. दात नसले आणि जबडे हाडाला हाड लावून मिटवले, तर चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो आणि घडतो तो भलत्याच माणसाचा चेहरा. अशा वेळी तज्ज्ञ कवटीच्या वरच्या भागाच्या मापांवरून जबड्याच्या अंतराचा अंदाज बांधतात. दात मृत्यूनंतर गळाले असतील तर त्यांच्या खोबणी मोकळ्या व कडा धारदार असतात. फार पूर्वी गेले असतील तर हाड भरून आलेले असते. त्या माणसाचा शेवटच्या वर्षांतला चेहरा भरलेला होता की बोळका, हे त्यावरून समजते.

छायाचित्र आणि कवटी यांच्या तुलनेचे एक गाजलेले उदाहरण ब्रिटनमधले आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मोफॅट गावाजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांचे छिन्न अवशेष सापडले. ओळख पटू नये म्हणून मारेकऱ्याने चेहरे विद्रूप केले होते, काही दातही उपटले होते. संशय गेला तो लँकेस्टरच्या बक रक्स्टन या डॉक्टरवर. तो जन्माने मुंबईचा, वैद्यकीचे शिक्षणही मुंबईतलेच. त्याची पत्नी आणि मुले सांभाळणारी तरुणी, दोघी बेपत्ता होत्या.

एडिंबरोचे शरीरशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश यांनी पत्नीचे जुने छायाचित्र घेतले. त्यात तिने शिरोभूषण घातले होते. त्याच्या प्रत्यक्ष मापावरून छायाचित्र खऱ्या आकाराचे केले आणि त्याच कोनातून घेतलेले कवटीचे चित्र त्यावर ठेवले. एक कवटी तिच्या चेहऱ्याशी जुळली, दुसरी जुळली नाही. तरीही खटला या एका जुळणीवर उभा केला गेला नाही. बोटांचे ठसे, अवशेष ज्यात गुंडाळले होते त्या वृत्तपत्राची ठरावीक भागापुरतीच निघालेली आवृत्ती, अवशेषांवरील किड्यांच्या वाढीवरून काढलेला काळ, असे स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला आले. १९३६ साली आरोपी दोषी ठरला आणि दोन्ही स्त्रियांना त्यांची नावे परत मिळाली.

एक माप, एक बाजू

हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. सोंड धरणारा खोटे बोलत नव्हता. फक्त तो हत्तीच्या एका भागाविषयी बोलत होता. विलिस यांची पट्टी खोटी नाही, निसवाँगर यांची पद्धत खोटी नाही, ‘स’चा उच्चारही खोटा नाही. प्रत्येक माप आपल्या बाजूने खरे आहे. एकाच मापाला अंतिम सत्य मानले की रुग्णाची कवळी कपाटात जाते आणि न्यायालयात निरपराध माणूस अडचणीत येऊ शकतो. चेहऱ्याच्या मापाचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत जे शिकले, ते अनेकांताच्या घरात वाढलेल्यांना परके वाटू नये : माप घ्यावे, पण ‘या बाजूने पाहता’ असे म्हणून घ्यावे, आणि दुसऱ्या बाजूंनी ते पडताळावे.

आपल्या हाती काय आहे?

सर्वांत चांगले माप म्हणजे जे अंदाजाने काढावे लागत नाही. जे दात असतानाच नोंदून ठेवले जाते. म्हणून घरातल्या कोणाचे उरलेले दात काढायचे ठरले, तर त्याआधी दंतवैद्याला चेहऱ्याची मापे, दातांचे प्लॅस्टरचे साचे आणि शक्य असल्यास बाजूने घेतलेला क्ष-किरण फोटो ठेवायला सांगावे. जुनी कवळी सैल झाली म्हणून टाकून देऊ नये; नवी करताना तीच पहिली साक्षीदार असते. नवी कवळी पहिले काही दिवस जड वाटणे स्वाभाविक आहे. खटखट आणि जबड्याचे दुखणे टिकून राहिले, तर मात्र वृद्धांना ‘सवय होईल’ असे सांगून गप्प बसवू नये. त्यांना पुन्हा खुर्चीपर्यंत न्यावे.

दातांच्या नोंदी जपण्याचे महत्त्व ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये जगाला कळले. तेथील धर्मादाय बाजाराला आग लागून शंभराहून अधिक माणसे दगावली. ओळखू न येणाऱ्या देहांपैकी काहींची, त्यांत आलांसोंच्या डचेस होत्या, ओळख त्यांच्या दंतवैद्यांच्या नोंदींमुळे पटली. त्या अनुभवावर ऑस्कर आमोएदो यांनी पुढच्याच वर्षी न्यायवैद्यकीय दंतशास्त्रावर ग्रंथ लिहिला. यात्रेला, प्रवासाला बाहेर पडणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही दातांच्या क्ष-किरण चित्रांची एक प्रत घरी ठेवली तर ओझे होत नाही.

आणि नोंद काहीच नसेल तर? तर भिंतीवरचे ते लग्नातले छायाचित्र खाली उतरवावे. चेहरा समोरून आणि दात मिटलेले असे ते असेल, तर त्यातले दोन बाहुल्यांमधले अंतर मोजता येते. समजा ते २० मिलिमीटर भरले आणि प्रत्यक्ष आजीच्या बाहुल्यांमधले अंतर ६० मिलिमीटर आहे. म्हणजे छायाचित्र एक तृतीयांश आकाराचे. त्याच छायाचित्रात भुवयांपासून हनुवटीपर्यंत ४० मिलिमीटर भरले, तर प्रत्यक्षात ते १२० मिलिमीटर असायला हवे. अर्थात हेही एक माप, एक बाजू. दंतवैद्य ते पट्टीशी, विश्रांतीच्या फटीशी आणि आजीच्या ‘स’शी ताडून पाहील.

पुढच्या वेळी दंतवैद्याकडे जाताना ते छायाचित्र पिशवीत घालून न्यावे. डोळे तेच आहेत. ज्या डोळ्यांनी त्या दिवशी मांडवाकडे पाहिले, त्यांच्यातले अंतर आजही जसेच्या तसे आहे, आणि हरवलेल्या चेहऱ्याचे माप तेच सांगू शकतात.